आईला वाचून दाखवलंस का?

आक्का, तुमच्या जागेसाठी अर्ज करते आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं. तुम्ही गेलात त्याला अजून महिना झालेला नाही, टेबलावर तुमचा चहाचा मग तसाच पालथा आहे, आणि कॉलेजनं जाहिरात काढलीसुद्धा. स्टुडंट सर्व्हिसेस कोऑर्डिनेटर, एक जागा. ती टाइप मीच केली आणि बोर्डावरही मीच लावली. टाचण्या सापडेनात म्हणून तुमच्या ड्रॉवरमधून घेतल्या.

हे पदाचं नाव तुम्हाला कधी आवडलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचात, "पोरांचं बघायचं काम." त्यात हॉस्टेल आलं, स्कॉलरशिप आली, बसपास, रडारड, आईबापांचे फोन, प्लेसमेंट, सगळं आलं. मी तुमची असिस्टंट, दर वर्षी कॉन्ट्रॅक्टवर सही करणारी. प्रिन्सिपॉल सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सुजाता, तुम्ही अप्लाय करा. नवीन कुणी आलं तर पोरं बावरतील. पण रेझ्युमे स्ट्राँग पाहिजे हं, कमिटीत बाहेरची माणसं आहेत." मी मान हलवली आणि बाहेर जिन्यात येऊन उभी राहिले. सरांनी सुचवलं म्हणून अर्ज करते आहे, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. जाहिरात टाइप करतानाच मनात येऊन गेलं होतं, की ही मिळाली तर मी पर्मनंट होईन. तुमच्या जाण्यानं जगात कुणाचं भलं व्हायचं असेल तर ते माझं होणार आहे.

तर रेझ्युमे. तुम्ही असता तर पहिला प्रश्न कोणता विचारला असता, ते मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तोच विचारला होतात.

मुलाखतीला मी निपाणीहून बेळगावला आले होते, बहिणीची साडी नेसून. तुम्ही कमिटीत अगदी कडेला बसला होतात. चष्मा घरी विसरल्यामुळं माझा बायोडाटा हात लांब करून धरला होता आणि त्यामुळं समोरच्या सरांना तो जवळजवळ नाकावर लागत होता. नेट सेंटरवाल्यानं त्याच्याकडच्या नमुन्यात माझं नाव घालून तो काढून दिला होता. डायनॅमिक, हार्डवर्किंग, टीम प्लेअर, एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स. तुम्ही प्रत्येक शब्द थांबत थांबत मोठ्यानं वाचलात आणि विचारलंत, "ही कोण गं?"

"मीच मॅडम."

"आईला वाचून दाखवलंस का?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. आई बिड्या वळते, तिला इंग्रजी येत नाही, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच म्हणतिया. जा, मराठीत सांग तिला काय लिवलंय ते. तिनं वळखलं तर उद्या ये."

घरी गेले ते धुमसतच. आई दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. मी एकेक ओळ मराठीत करून सांगितली. तिनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "लई हुशार दिसतिया बाई. कुठं असती?" मग मीच चिडून म्हटलं, तूच सांग काय लिहू ते. तर म्हणाली, "गल्लीतल्या पोरींचं स्कॉलरशिपचं फॉर्म कोण भरतंय? मी भरती का? आन तहसीलात त्या साहेबाच्या म्होरं दिवसभर बसून दाखला कोण आणलं?" ते लिहून दुसऱ्या दिवशी आणलं, तेव्हा तुम्ही वाचून हसलात. "आता आलीस बघ," म्हणालात. मला नोकरी लागली ती त्या ओळींवर.

त्यानंतर दर वर्षी प्लेसमेंटच्या आधी आपली ती बैठक व्हायची. चिकोडीची, निपाणीची, खानापूरकडची पोरं बायोडाटा घेऊन रांगेत उभी, आणि तुम्ही लाल पेन घेऊन बसलेल्या. "सिन्सिअर" दिसलं की काट. "प्रामाणिक हाईस का न्हाय ते शेजाऱ्याला विचारू दे की त्यांना. तू काय केलास ते सांग." पोरगं म्हणायचं, काहीच केलेलं नाही मॅडम. मग तुम्ही खोदायला बसायचात. सकाळी दूध कोण घालतंय, गणपतीची वर्गणी कोण गोळा करतं, धाकट्या भावाला कोण शिकवतं. शेवटी काही ना काही निघायचंच. कुणी चार वर्षं घरच्या दुकानावर गिऱ्हाईक सांभाळलेलं असायचं आणि त्याला ते काम वाटतच नसायचं. मग ते लिहायचं, घरी जाऊन आईला वाचून दाखवायचं, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि आईनं "व्हय, ही आमचीच पोरगी" म्हटलं, की मगच छापायचं. पोरांना लाज वाटायची. मलाही वाटायची, पोरांच्या वतीनं. पण दोन दिवसांनी ती परत यायची तेव्हा कागद बदललेला असायचा आणि पोरंही जरा बदललेली असायची, हे मी पाहिलं आहे.

तुम्ही संत नव्हतात, हे मात्र इथं सांगून टाकते. शोकसभेत सगळ्यांनी "मृदू स्वभावाच्या" असा शब्द वापरला. मृदू! तुमचा आवाज चढला की हॉस्टेलच्या वॉचमनच्या हातातला चहा सांडायचा. फायली हरवायच्या तुम्ही, आणि शोधायच्या मी. कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करायचात आणि चुकलं की मॉनिटरच्या कानाखाली एक द्यायचात. शेतकऱ्याच्या पोरी तुमच्या लाडक्या, आणि शहरातल्या कॅम्पातली इंग्रजी बोलणारी पोरं आली की तुमचा चेहरा आंबट. यावरून मी तुमच्याशी भांडले आहे. "त्यांना पन रडू येतंय आक्का," असं एकदा म्हटलं, तर दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी कॅम्पातल्या एका मुलाला स्वतः दवाखान्यात घेऊन गेलात आणि मला ते सांगितलं नाहीत. रिक्षावाल्यानं सांगितलं.

आपलं न मिटलेलं भांडण वेगळंच होतं. आपल्याकडची पोरं दोन बायोडाटे ठेवतात. एक कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडचा, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर-पुण्यासाठी. त्यात मराठी पहिली आणि कन्नड जमलं तर शेवटी, नाहीतर नाहीच. दुसरा अलीकडचा, बेळगाव-हुबळीसाठी. त्यात कन्नड वर आणि मराठी कुठंतरी हळूच. कुणी शिकवलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला याचा भयंकर राग. "माणूस एक आन कागद दोन? नाक्यावर काय जीभ काढून ठिवतासा का?" मी म्हणायची, तुम्हाला बोलायला काय जातं, तुमच्या घरात दोन्ही भाषा नांदतात. तुमचं जैनांचं घर, आईशी कन्नड, शाळेत मराठी, भांडायला दोन्ही. आमच्या गल्लीत कन्नड फक्त ऑफिसातल्या खिडकीतून ऐकू यायचं, आणि ते बहुतेक वेळा "उद्या या" एवढंच सांगायचं. तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर शिक. खिडकीच्या आत जाऊन बस." मी म्हणायची, बघू.

शिकवलंत मात्र. डबा खाताना, एका घासाला एक शब्द. पहिला शब्द कोणता शिकवलात, आठवतं? पाणी नाही, भाकरी नाही. "तप्पायतु." म्हणजे चुकलं. "ह्यो शब्द तुला लई लागनार हाय माझ्या हाताखाली," म्हणालात आणि इतक्या मोठ्यानं हसलात, की शेजारच्या अकाउंट सेक्शनमधून कुणीतरी डोकावलं. बोलायला मी शिकले. पालकांशी फोनवर बोलू लागले, तोडकंमोडकं, पण तुमच्या वळणाचं. लिहायला मात्र शिकले नाही. तुम्ही अक्षरं गिरवायची वही आणून दिलीत, ती कोरी राहिली. कन्नड पत्रं लिहायला तुम्ही होतातच की. तुमच्या शोकसभेच्या नोटिशीत कन्नड मजकूर घालायची वेळ आली, तेव्हा कळलं की आतापर्यंत बोर्डावरची प्रत्येक कन्नड नोटीस तुमच्या हातची होती. लायब्ररीतल्या सरांकडून लिहून घेतली. त्यांचं अक्षर चांगलं आहे. तुमच्यासारखं तिरकं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला इतके दिवस सांगायचं नव्हतं.

दिवाळीनंतर मी कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात अर्ज केला होता. असंच काम, पण पक्कं. तुम्हाला बोलले नाही. काय बोलणार? तुम्ही आडव्या आला नसता, पण तुमच्या तोंडाकडं बघून मीच थांबले असते. नाक्यापलीकडचा बायोडाटा केला. मामेभाऊ म्हणाला, "कन्नड कशाला टाकतीस? कर्नाटकातली म्हणून बाजूला ठिवतील." मी ते काढून टाकलं. मराठी, हिंदी, इंग्रजी. कुणालाही वाचून दाखवला नाही. आणि खाली रेफरन्स म्हणून तुमचं नाव आणि नंबर दिला, कारण दुसरं कुणाचं देणार? रेफरन्स दिला की त्या माणसाला फोन जातो, इतकी साधी गोष्ट मला सुचू नये! पोरांना मीच सांगायची, ज्याचं नाव देता त्याला आधी विचारा.

मुलाखतीच्या दिवसासाठी, आईचे गुडघे धरलेत म्हणून रजा मागितली. तुम्ही रजेच्या अर्जावर सही केलीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघताना पिशवीतून बाटली काढून दिलीत. "निरगुडीचं तेल हाय. गरम करून लाव आईला, जोरात चोळू नको." तोंड इतकं सरळ ठेवलं होतंत, की मला जराही शंका आली नाही. तेल घेऊन मी कोल्हापूरला गेले. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. मी परत आले, आणि तुम्ही विचारलंत, "गुडघं कसं हाईत?" "बरे आहेत," मी म्हटलं. ती बाटली अजून आमच्या फळीवर आहे, सील न फोडलेली.

तर हा नवा रेझ्युमे. या वेळी ठरवलं, तुमच्या रीतीनं लिहायचा. विशेषण एकही नाही. फक्त केलेलं काम, आणि तेही माझं स्वतःचं. तुमच्या कष्टावर माझं नाव टाकून तुमची खुर्ची घ्यायची, इतकी मी गेलेली नाही. रेझ्युमेच्या भाषेत एक सोय असते, कुणी केलं ते सांगावं लागत नाही. नुसतं "समुपदेशन केले, गळती रोखली" म्हणायचं. त्या आडोशाला किती जण दुसऱ्याचं खातात ते मी पाहिलेलं आहे. म्हणून एकेक ओळ घेतली आणि विचारलं, हे माझं की आक्कांचं? तुमचं वाटलं की खोडलं.

कोगनोळीची ओळ खोडताना हात थांबला होता. कविता आठवते ना, हायवेला पंक्चरचं दुकान असलेल्यांची. सणाला गावी गेली ती परत आलीच नाही. फोन उचलेना. तुम्ही म्हणालात, चल, बसनं जाऊ. उतरल्याउतरल्या तुम्ही दुकानासमोर उभं राहून तिच्या वडलांवर तोंड सोडलंत. "पोरगीला घरात का डांबून ठिवलासा? लगीन ठरिवलासा का?" ते बिचारे हातात टायर घेऊन, "मी कुठं डांबलो बाई? तीच जात न्हाय म्हणतिया." तुम्हाला ते खरं वाटेना. गर्दी जमली. मला लाज वाटली म्हणून मी मागच्या दारानं आत गेले. कविता शेंगा फोडत बसली होती. मीही बसले. पाटीतल्या शेंगा निम्म्या झाल्यावर ती म्हणाली, दोन विषयांत नापास झाले, इंग्रजीत काय चाललंय कळत नाही, आणि गावानं जाताना सत्कार केला होता, आता कुठल्या तोंडानं सांगू. मी म्हटलं, पहिल्या वर्षी मी तीन विषयांत नापास होते. बाहेर येऊन तुमच्या कानात सांगितलं. तुम्ही वाक्य अर्धवट सोडलंत, तिच्या वडलांना म्हणालात, "चुकलं दादा माझं. चा टाका आता," आणि टायरवर बसलात.

जायचं तुम्ही ठरवलं, भांडलात तुम्ही, परत आल्यावर तिची शिकवणी लावलीत तुम्ही. आज ती नोकरीला आहे आणि तुमच्या शोकसभेत सगळ्यांत जास्त तीच रडली. यात माझं म्हणून काय लिहू? शेंगा फोडल्या? खोडलं.

असं करत करत अर्धं पान उरलं. फॉर्म, याद्या, बसपास, पोर्टलवर माहिती भरणे. भाषांमध्ये कन्नड लिहिलं, पुढं खरं तेही लिहिलं: बोलता येतं, वाचता थोडं, लिहिता येत नाही. मग जुन्या फाइलमधला रेफरन्सचा भाग आला. पहिलं नाव तुमचं. तिथं आता गेलेल्या माणसाचा नंबर देऊन कसं चालेल? बॅकस्पेस दाबत राहिले, आणि एकेक आकडा मागं सरत गेला. तुमच्या जागी प्रिन्सिपॉल सरांचं नाव घातलं. पुढं काही करवेना, म्हणून मशीन बंद केलं.

निपाणीला आईला फोन लावला. म्हटलं, वाचून दाखवते, ऐक. आई म्हणाली, "मला कशाला? जिची जागा घ्यायला निघालीयास तिच्या आईला वाचून दाखव जा." आणि फोन ठेवला. आमची आई फोनवर कधी जास्त बोलत नाही.

रविवारी दुपारी अनगोळला तुमच्या घरी गेले. तुम्ही गेल्यावर तुमच्या आई, अव्वा, त्या घरात एकट्याच. शेजारच्या बाई येऊनजाऊन असतात. अव्वा खिडकीपाशी कॉटवर बसून तांदूळ निवडत होत्या, आणि मांडीवर रुमालात गुंडाळलेला तुमचा फोन. पोरं अजून फोन करतात. सगळ्यांना कळलेलं नाही. अव्वांना तो उचलायचा कसा ते शेजारणीनं शिकवलं आहे. मी बसले होते तेवढ्यात एकदा वाजला. अव्वांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, "पद्मा इल्ल" एवढंच म्हणाल्या आणि परत रुमालात गुंडाळला. पद्मा नाही. दिवसातून किती वेळा म्हणतात कोण जाणे.

अव्वांना मराठी येत नाही. त्या जे बोलल्या ते कन्नडमध्ये, मी इथं मराठीत सांगते आहे. शोकसभेतही त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि मी मराठीतून बोलून खाली उतरले होते. तेव्हा त्यांनी शेजारणीला विचारलेलं मी ऐकलं होतं, पोरगी काय म्हणाली? त्याचीही लाज मनात होतीच. म्हणून कागद काढला, कशाला आले ते सांगितलं, आणि एकेक ओळ कन्नडमध्ये सांगू लागले. शब्द अडले की हातवारे. अव्वा तांदळातून बोटं फिरवत ऐकत होत्या. भाषांवर आले. "कन्नड," मी म्हटलं.

अव्वांची बोटं थांबली. "हे परत घातलंस होय?"

मला कळेना. त्या सावकाश सांगत गेल्या. दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी, तुम्ही ताटावर बसणार तेवढ्यात, कोल्हापूरहून फोन आला होता. तुम्ही बराच वेळ मराठीत बोलत होतात, हसत होतात. ठेवल्यावर अव्वांनी विचारलं, तर म्हणालात, सुजी चांगली जागा बघतेय, मी तोंड भरून सांगितलं, तिच्यासारखी मिळायची नाही म्हटलं. मग जरा वेळानं म्हणालात, सीमेवरची पोरं आमच्याकडं येतात, हिला कन्नड येतं का, असं त्यांनी विचारलं. कागदावर नाही म्हणे. "मी म्हटलं, येतं की, फक्कड येतं, लिहायचं राहिलं असेल." आणि मग तुम्ही जेवला नाहीत. अव्वा जेव जेव म्हणत राहिल्या, तुम्ही खिडकीपाशी बसून राहिलात. दिवस मावळला. दिवस मावळल्यावर तुमच्या घरात ताट वाढत नाहीत, तेव्हा ती रात्र तशीच गेली.

अव्वांनी हे मला दोष देत सांगितलं नाही. पोरीनं एके दिवशी काय केलं ते सांगावं, तसं सांगितलं. तुमची प्रत्येक गोष्ट आता त्या अशीच सांगतात. पण माझ्या डोळ्यांसमोर ती निरगुडीची बाटली आली. मुलाखतीला बोलावण्याआधीच त्यांनी फोन केला असणार. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. सही करताना, तेल देताना, गुडघ्यांची चौकशी करताना. मी जाणार याचं तुम्हाला एवढं वाईट वाटलं नसेल. घासाघासानं शिकवलेलं मी कागदावरून पुसून टाकलं, त्याचं वाटलं असणार. आणि तरी त्या माणसाला "लिहायचं राहिलं असेल" म्हणालात. आक्का, तुम्ही मला शिव्या का नाही घातल्या? मॉनिटरला घालायचात तशा? माझं मन हलकं होऊ नये म्हणून का?

"तप्पायतु, अव्वा," मी म्हटलं.

"मला काय म्हणतेस," अव्वा म्हणाल्या, "तिला म्हण." आणि परत तांदूळ निवडू लागल्या. "वाच पुढं."

पुढं फारसं नव्हतंच. वाचून संपवलं. अव्वा थोडा वेळ वाट बघत राहिल्या, आणखी आहे असं वाटून. मग विचारलं, "कोगनोळी कुठं गेलं?"

मी म्हटलं, ते आक्कांनी केलं.

"ती तर म्हणाली, मी बाहेर नुसती वरडत होते, आतलं सगळं त्या पोरीनं केलं. हसत हसत सांगत होती." मग आणखी एक, आणखी एक, माझ्या खोडलेल्या ओळी त्या तांदळातल्या खड्यांसारख्या बाहेर काढत गेल्या. मेसच्या जेवणावरून पोरींनी संप केला तो मिटवला ते. आजारी मुलीला गाडीतून गावी पोचवलं ते. रोज सूर्य मावळायच्या आत जेवताना तुम्ही दिवसभराचं सगळं अव्वांना सांगायचात, आणि त्या सांगण्यात मी होते. मला कधी बोलला नाहीत. माझ्या तोंडावर म्हणायचात, "हिला काय बी येत न्हाय."

मी म्हटलं, "अव्वा, दुसऱ्याचं घ्यायचं नाही म्हणून माझं तेवढं ठेवलंय."

अव्वांनी माझ्या हातातून तो कागद घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. आणि विचारलं, "मग यात माझी पद्मा कुठं आहे?"

चोर ठरू नये म्हणून एकेक ओळ पुसत गेले आणि तुम्हालाच घालवून बसले. दिवाळीनंतर कन्नड पुसलं होतं, आता तुम्हाला पुसलं. अव्वांना एवढंच सांगितलं, खाली तुमचं नाव होतं, फोन नंबरसकट, कुणाला चौकशी करायची असेल तर. पण आता ते कसं ठेवणार, म्हणून काढलं.

"का काढलंस?" अव्वा म्हणाल्या. "फोन माझ्याकडं असतो की. कुणी केला तर सांगेन मी."

"अव्वा, त्यांना कन्नड येत नसलं तर?"

त्यांनी माझ्याकडं अगदी तुमच्यासारखं पाहिलं, लाल पेन हातात असताना पाहायचात तसं. "मग तुला कशाला शिकवलं तिनं? तू सांग त्यांना, मी काय म्हणाले ते."

कागद त्यांनी परत दिला. "हौद, नम्म हुडगी," आमचीच पोरगी, हे त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते.

घरी येऊन फाइल उघडली. कोगनोळी परत लिहिलं, दोघी गेलो होतो असं लिहिलं, तुमच्या नावासकट. मेसचा संप लिहिला, तोही तसाच. पान भरलं. रेफरन्समध्ये प्रिन्सिपॉल सरांच्या वर तुमचं नाव आणि नंबर घातला, आणि पुढं लिहिलं, त्या हयात नाहीत, फोन त्यांच्या आई घेतात. कमिटी काय म्हणायचं ते म्हणेल. कोरी वही शोधून काढली आहे, शोकसभेच्या नोटिशीतलं तुमचं नाव बघून बघून कन्नडमध्ये पहिल्या ओळीत उतरवलं आहे. अक्षर वाईट आलंय.

छापण्याआधी रविवारी परत अनगोळला जाऊन वाचून दाखवते.

तप्पायतु, आक्का.